पोटरीवरचे हिरवे ठिपके

उजव्या पोटरीवरचे चार हिरवे ठिपके धाकटीने तीन महिने जपले. आंघोळीने फिकटले की ती पेनाने पुन्हा गडद करायची. ताईची ताकीदच होती. चालण्या-धावण्याचा अभ्यास करणाऱ्या प्रयोगशाळेत ताई तंत्रज्ञ. दर पंधरा दिवसांनी स्नायूंची हालचाल टिपणाऱ्या चकत्या नेमक्या त्याच जागी चिकटायला हव्यात, नाहीतर आलेखांची तुलना होत नाही.

दोष पहिल्याच आलेखात सापडला होता. धावताना पाऊल टेकण्याआधीच पोटरी ताठ व्हावी लागते. धाकटीची उजवी पोटरी पाऊल टेकल्यावर जागी व्हायची. शर्यतीच्या शेवटच्या फेरीत ती मागे पडायची ती यामुळेच. संघात एकच जागा रिकामी होती आणि निवड तीन महिन्यांवर आली होती.

"आमच्याकडे ये, बघू काय होतं," म्हणत ताईने सुरुवातीलाच संमतीचा कागद पुढे केला होता. ताईनेच दिलेला कागद, त्यात वाचायचं काय? धाकटीने सही ठोकली. मग ताईने सांगितलेले ताणाचे व्यायाम, भिंतीला हात टेकून, सकाळ-संध्याकाळ. एकही खाडा नाही.

निवडीच्या शर्यतीत शेवटच्या फेरीत ती मागे पडली. जागा एका उंच मुलीला मिळाली. ती शेजारी बसून मोजे काढू लागली, तेव्हा तिच्या पोटरीवरही चार हिरवे ठिपके दिसले.

"तूही जातेस तिथे?"

"मग काय. दोरीवरच्या उड्यांनी जीव काढला माझा. पण पोटरी सुधारली बाई. तुला किती सांगितल्यात?"

"मला उड्या नाहीत."

उंच मुलीने मोज्यांची घडी घातली, मग पुन्हा उलगडून घातली.

घरी ताई शेंगा निवडत होती.

"दोरी कोणाला द्यायची, हे कोण ठरवतं?"

ताईचे हात थांबले. "चिठ्ठ्या टाकतात. निम्म्यांना दोरी, निम्म्यांना साधे ताण. नाहीतर दोरीचा उपयोग झाला हे कळणार कसं?"

"माझी चिठ्ठी तुला माहीत होती."

"पहिल्या दिवसापासून. पण सांगता येत नाही. नियम आहे."

"तीन महिने भिंत ढकलली मी. आणि तू रोज विचारायचीस, झाले का गं व्यायाम?"

"नोंद ठेवावी लागते. आणि सही तू केलीस."

"परक्याने दिला असता तर दहादा वाचला असता कागद. केसाने गळा कापलास, ताई."

"सगळ्यांना सारखाच नियम लावला मी."

"सगळ्यांची तू ताई नाहीस."

ताई पुन्हा शेंगा निवडू लागली. निवडता निवडता म्हणाली, "उद्या शेवटचं मोजमाप. ते झालं की तुलाही दोरी मिळणार. तसं ठरलेलंच आहे."

धाकटी मोरीत गेली. बाहेर आली तेव्हा पोटरी घासून लाल झाली होती आणि ठिपके गेले होते. तिने खणातून सहीच्या कागदाची प्रत काढली आणि उभ्यानेच, पहिल्या ओळीपासून वाचली.

"केव्हाही सोडता येतं म्हणे."

"अगं, तीन महिन्यांचं काम आहे. असं का करतेस?"

"कारण विचारायचं नसतं. सातवी ओळ बघ."