खेळाचा तास

तळवड्याच्या शाळेत दम्याच्या मुलांसाठी आरोग्य कार्यक्रम सुरू झाला तो २०१६ साली. त्याच आठवड्यात वर्षाली शाळेत आली ती मुलीचा दाखला मागायला.

"बाई, ओवीला गावी ठेवते आईकडं. हितली हवा तिला सोसंना. दम्याच्या पंपाचीबी सवय लागायली."

वर्षाली लातूरकडची, नवरा चाकणला कंपनीत. चौथीतली ओवी आईला बिलगून उभी होती. शुभदाबाई तिच्या वर्गशिक्षिका. वर्गातली सगळ्यांत बोलघेवडी पोर. तिला त्यांनी तळहातावरच्या फोडासारखं जपलं होतं, खेळाच्या तासाला कधी मैदानावर सोडलं नव्हतं.

कार्यक्रमाची नर्स मोनिका तिथेच होती. तिने ओवीला जवळ घेतलं. "जास्त दम कधी लागतो गं?"

"खेळाच्या तासाला."

"काय खेळतेस?"

"मी न्हाई खेळत. बाई वर्गातच बसवतात."

"मग बसून काय करतेस?"

ओवी खुलली. "सगळ्या वर्गांची डस्टरं आणते आन् भिंतीवर आपटते. लई धूर निघतो, कंपनीच्या चिमणीसारखा."

मोनिकाने शुभदाबाईंकडे पाहिलं. बाईंचा चेहरा उतरला. पोर एकटी कंटाळेल, म्हणून हे मानाचं काम त्यांनीच तिला दिलं होतं.

"म्हंजे बाई," वर्षाली म्हणाली, "हितली हवा बरी हाय व्हय. तुमच्या वर्गातलीच वंगाळ." आणि पदर तोंडाला लावून हसायलाच लागली. बाईंनाही हसू आवरेना.

"पंपाची सवय लागत नाही, ताई," मोनिका म्हणाली. "चष्म्याची लागते का? लागेल तेव्हा घ्यायचा. आणि तिला खेळू द्या."

ओवी मैदानावर उतरली, तेव्हा वर्षाली कुंपणाची जाळी धरून उभी होती. पोर धापा टाकायला लागली, तिने कडेला बसून पंप घेतला, थोड्या वेळाने पुन्हा पळाली. काही दिवस वर्षाली रोज आली. मग यायची थांबली. दाखल्याचा विषय पुन्हा निघालाच नाही.

मोनिका लग्न होऊन नाशिकला गेली. वर्षालीने चऱ्होलीत घर घेतलं. सोसायटीतल्या बायकांना आता तीच पंप कसा ओढायचा ते शिकवते. शुभदाबाई निवृत्त होऊन पिंपळे गुरवला असतात. ओवी कॉलेजात आहे, रविवारी लहान मुलींना खो-खो शिकवते. दमा गेलेला नाही.

बाई कधीमधी खेळ बघायला जातात. मध्येच ओवी हात वर करते, बाजूला होते, पाणी प्यावं तसा पंप घेते. मुली वळूनही बघत नाहीत. खेळ चालूच असतो.