डोळा शोधणारा कॅमेरा

जुन्या फिल्मच्या आठवणीने ज्यांना गहिवरून येतं, अशा लोकांचा हमीदभाईंना मनापासून राग यायचा. "काय तो काळ, काय ते फोटो" असं म्हणत कुणी बिबवेवाडीतल्या त्यांच्या स्टुडिओत खुर्ची ओढून बसलं, की त्या माणसाला चहा मिळत नसे.

तो काळ त्यांनी स्वतः पोटभर भोगला होता. जिन्याखालच्या डार्करूममध्ये, हायपोच्या रसायनाच्या वासात, त्यांची निम्मी तरुणपणाची वर्षं गेली. लग्नाचे रोल लॅबमधून धुऊन येईपर्यंत घास गोड लागायचा नाही, कारण आत काय आलंय ते एका अल्लालाच ठाऊक. अंतरपाट दूर होताना नवरीने नेमके डोळे मिटलेले असले, तर तिचं लग्न काही पुन्हा लावता येत नाही. अशा वेळी मुलीच्या बापाला तोंड दाखवायचं काम फोटोग्राफरचं. ज्यांना हे कधी करावं लागलं नाही, त्यांनी खुशाल गहिवरावं, असं हमीदभाईंचं म्हणणं होतं.

आणि आता हा कॅमेरा. गेल्या ईदला घेतलेला. समईच्या उजेडात म्हाताऱ्या बाईच्या चेहऱ्यावरची सुरकुतीन् सुरकुती टिपणारा, काढलेलं चित्र तिथल्या तिथे पडद्यावर दाखवणारा आणि मूळ फाइल जशीच्या तशी जपून ठेवणारा. पण हमीदभाई ज्यावर खरे भाळले होते ते निराळंच. हा कॅमेरा माणसाचा डोळा शोधायचा. पडद्यावर एक इवलासा हिरवा चौकोन उमटायचा आणि थेट समोरच्याच्या डोळ्यावर जाऊन बसायचा. माणूस हलला की चौकोनही हलायचा. पहिल्या दिवशी त्यांनी बायकोला, कमरजहांला, घरभर फिरायला लावलं होतं. ती कणीक मळायला बसली तरी चौकोन तिच्या पापणीला चिकटलेलाच.

"हा तुमच्यापेक्षा बरा आहे," ती म्हणाली होती. "निदान माझ्याकडे बघतो तरी."

तर हा कॅमेरा घेऊन हमीदभाई स्पृहाच्या पहिल्या वाढदिवसाला गेले. स्पृहा ही गोपाळकृष्ण मोडकांची नात. मोडक मंडईजवळ राहायचे. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, घरीदारी सगळे त्यांना आप्पा म्हणायचे. त्यांच्या मुलाच्या, अवधूतच्या, मुंजीपासून त्या घरचे फोटो हमीदभाईंकडे होते. याचा अर्थ आप्पांनी कधी त्यांचं कौतुक केलं असा मात्र नाही. "मागच्या वेळेपेक्षा कमी वाईट आलाय," ही आप्पांची सर्वांत मोठी शाबासकी, आणि हमीदभाई ती आठवडाभर मिरवायचे.

वाढदिवसाच्या हॉलचं छत कुणा शहाण्याने गडद जांभळं रंगवलं होतं. एरवी हमीदभाई फ्लॅश छताकडे वळवून मारायचे, म्हणजे उजेड वरून मऊ पसरून येतो. जांभळ्या छताने तो उजेड गिळून टाकला असता. तेव्हा नाइलाजाने समोरून मारावा लागला. समोरून मारला की माणसांच्या डोळ्यांतल्या बाहुल्या फोटोत लाल येतात. धंद्यातलं हे जुनं दुखणं, पण आता कॉम्प्युटरवर त्याला औषध आहे. एक कळ दाबली की सगळ्यांच्या बाहुल्या काळ्याभोर.

स्टुडिओत बसून त्यांनी ती कळ दाबली. आजोबा काळे झाले, आत्या काळी झाली, केक खाणारी पोरं काळी झाली. स्पृहाच्या मात्र एकाच डोळ्यातली बाहुली काळी झाली. डावीत पांढरं दिसत होतं. कळ फक्त लाल रंग ओळखते, पांढऱ्याशी तिचं देणंघेणं नाही. हमीदभाईंना वाटलं, भेटवस्तूंच्या चंदेरी कागदाची चमक पडली असणार. त्यांनी उजव्या डोळ्याची नक्कल काढली, उलटी फिरवली आणि डाव्या डोळ्यावर इतकी बेमालूम बसवली की कमरजहां चष्मा लावून शोधत राहिली.

"कुठला डोळा होता हो?" तिने विचारलं, तेव्हा हमीदभाईंची छाती फुगली. गिऱ्हाइकाने सांगण्याआधी डाग काढायचा, ही त्यांच्या स्टुडिओची रीतच होती. घाम, मुरुमं, सरकलेली टिकली, काही म्हणून शिल्लक ठेवायचं नाही.

तोच फोटो मोठा करून, चौकटीत बसवून ते दिवेलागणीच्या सुमाराला मोडकांकडे पोहोचले. मंडईतल्या कुठल्याशा दुकानाच्या उद्घाटनाचं काम उरकून आले होते, म्हणून कॅमेरा खांद्यालाच होता. आप्पांनी कागद सोडला, फोटो हातभर लांब धरून पाहिला.

"हं," ते म्हणाले. "माझी हनुवटी तेवढी कुणा दुसऱ्याची लावलीत. बाकी ठीक."

अवधूत हसला. त्याची बायको स्वराली स्पृहाला कडेवर घेऊन आली. तिने मुलीला अवधूतकडे दिलं, फोटो घेतला आणि खिडकीपाशी नेऊन कितीतरी वेळ बघत राहिली. एवढा वेळ फोटो बघणारं गिऱ्हाईक हमीदभाईंना आवडायचं. काहीतरी चांगलं ऐकायला मिळेल म्हणून ते थांबले.

"बघितलंस?" आप्पा सुनेला म्हणाले. मग हमीदभाईंकडे वळून सांगू लागले, "महिनाभर डोकं खाल्लंय हिने. दिवा लावताना पोरीचा डावा डोळा मांजरासारखा चमकतो म्हणे. मला दिसत नाही, अवधूतला दिसत नाही, हिला तेवढा दिसतो. आता एवढा मोठा फोटो आहे. दिसतंय का मांजर? माणसाला भास होतात, कॅमेऱ्याला होत नाहीत."

"नाही दिसत," स्वराली म्हणाली. "दोन्ही अगदी सारखे आहेत." तिने एक मोठा श्वास सोडला. आपलं चुकलं याचा एवढा आनंद झालेलं माणूस हमीदभाईंनी पाहिलं नव्हतं. "बरं झालं बाई. उद्याची डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतली होती, ती रद्द करते." आणि तिने फोन उचलला.

तो पांढरा ठिपका हमीदभाईंच्या डोळ्यांसमोर आला. चंदेरी कागद. पण चंदेरी कागद तर मुलीच्या मागे, टेबलावर होते. मागचा कागद डोळ्यात कसा चमकेल? इतकी वर्षं उजेडाचा धंदा करणाऱ्या माणसाच्या हे लक्षात येऊ नये, याची त्यांना भयंकर लाज वाटली. गप्प बसणं मात्र सोपं होतं. चहा प्यायचा, आप्पांचं एखादं खोचक वाक्य खिशात घालायचं आणि निघायचं. पहिल्या वाढदिवसाच्या घरात अभद्र बोलायला फोटोग्राफरला कुणी सांगितलंय?

स्वरालीने नंबर लावला होता.

"ताई, थांबा," हमीदभाई म्हणाले. "फोन करू नका. कॅमेरा खोटं बोललेला नाही. खोटं मी बोललोय."

कुणाला काही समजेना. तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं: पांढरा ठिपका, उजव्या डोळ्याची नक्कल, कमरजहांचा चष्मासुद्धा. सांगताना त्यांचा आवाज लहान होत गेला.

"म्हणजे तुम्ही हिचा डोळा बदललात?" अवधूतने विचारलं. त्याने मुलीला छातीशी घट्ट धरलं होतं.

"आम्ही फोटो काढायला बोलावलं होतं," आप्पा म्हणाले. "ऑपरेशनला नाही."

"खरं आहे आप्पा. मला डॉक्टरकीतलं काही कळत नाही. ठिपका कशाचा, ते मला सांगता येणार नाही. पण तो आहे की नाही, ते आत्ता इथे बघता येईल. दिवा मालवा."

स्वरालीने फोन ठेवला आणि खोलीतला दिवा मालवला. अवधूत मुलीला घेऊन कोचावर बसला. हमीदभाईंनी फ्लॅश समोर केला. पडद्यावर हिरवा चौकोन उमटला, क्षणभर भिरभिरला आणि स्पृहाच्या डोळ्यावर जाऊन बसला. त्यांनी बटण दाबलं.

जुना काळ असता तर हे सगळे आता रोल धुऊन यायची वाट बघत बसले असते. हमीदभाईंनी कॅमेरा फिरवून धरला, चित्र मोठं केलं आणि चौघांची डोकी त्या तळहाताएवढ्या पडद्यावर एकत्र आली. उजव्या बाहुलीत डाळिंबाच्या दाण्यासारखं लाल. डाव्या बाहुलीत पांढरं.

मग आप्पांनी चष्मा काढला.

"माझा काढा."

हमीदभाईंनी काढला. आप्पांचे दोन्ही डोळे लालबुंद आले होते. ते आपल्याच डोळ्यांकडे बघत राहिले. "हे लाल म्हणजे काय?"

"डोळ्याच्या आतला पडदा, आप्पा. तिथलं रक्त दिसतं. धंद्यात आम्ही याला खोट म्हणतो."

"तिचा पुन्हा काढा."

पुन्हा काढला. मुलीने या वेळी हसून कॅमेऱ्याकडेच पाहिलं. लाल आणि पांढरं. स्वराली रडू लागली, आणि त्या रडण्यात भीती होती तशी महिनाभर कुणी विश्वास न ठेवल्याची चीडही होती. आप्पांनी उठून स्वतः दिवा लावला.

"स्वराली," ते भिंतीकडे बघत म्हणाले, "उद्या किती वाजता निघायचंय? मी येतोय." मोडकांच्या घरात एवढं म्हणणं म्हणजे पाय धरण्यासारखंच होतं, आणि स्वरालीला ते समजलं. निघण्याआधी हमीदभाईंनी नुकत्याच काढलेल्या फोटोंसोबत वाढदिवसाचेही सगळे मूळ फोटो डॉक्टरांना दाखवायला पाठवायचं कबूल केलं. ते फोटो कॉम्प्युटरवर जसेच्या तसे होते. त्यांनी कितीही कारागिरी केली तरी कॅमेऱ्याने पाहिलेलं पुसलं गेलं नव्हतं. घरी जाताना त्यांनी स्कूटर मोडकांच्या दारातच ठेवली आणि कॅमेऱ्याची पिशवी छातीशी धरता यावी म्हणून रिक्षा केली.

नंतरचे दिवस वाईट गेले. मोडकांकडून काहीच कळेना आणि फोन करायची हमीदभाईंची छाती होईना. कुणा मुलीचा तीळ काढून टाका म्हणून गिऱ्हाईक आलं, तर त्यांनी ते काम कॉम्प्युटर शिकलेल्या कमरजहांकडे सरकवलं. ती नमाजनंतर स्पृहासाठी दुवा मागायची, हे त्यांनी पाहिलं होतं.

एका दुपारी आप्पाच स्टुडिओत आले. खुर्ची ओढून बसले. हमीदभाईंनी चहा मागवला.

"गाठ होती," आप्पा म्हणाले. "डोळ्याच्या आत, मागच्या बाजूला. डोळा काढावा लागला." त्यांनी कप हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला. "पण गाठ डोळ्याबाहेर गेलेली नव्हती. दुसरा डोळा स्वच्छ आहे. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. हमीदभाई, डोळा गेला, पोर राहिली."

हमीदभाईंना रडू आलं आणि ते त्यांनी लपवलं नाही. आप्पांनी त्यांना रडू दिलं, चहा संपवला, आणि जाताना काउंटरवरच्या कॅमेऱ्यावर हात ठेवला, एखाद्या शहाण्या मुलाच्या डोक्यावर ठेवावा तसा.

स्पृहाचा दुसरा वाढदिवस घरीच झाला. ती तुरुतुरु पळत होती. डाव्या बाजूला कृत्रिम डोळा बसवला होता, तपकिरी, उजव्यासारखाच. घराचं छत पांढरंशुभ्र होतं, म्हणून हमीदभाईंनी सवयीने फ्लॅश वर वळवला.

"समोरून मारा," आप्पा म्हणाले.

"आप्पा, लाल येईल."

"येऊ दे."

पडद्यावर हिरवा चौकोन उमटला, पळणाऱ्या मुलीमागे पळाला आणि तिच्या उजव्या डोळ्यावर जाऊन बसला. हमीदभाईंनी बटण दाबलं. डावा डोळा शांत तपकिरी आला होता आणि उजव्यात लाल ठिणगी पेटली होती. इतका सुंदर दोष त्यांनी आयुष्यात टिपला नव्हता.

तो फोटो आता मोडकांच्या बैठकीत, दारासमोरच लावलेला आहे. मध्ये कुणी नातेवाईक आले होते. चहा पिता पिता त्यांचं लक्ष भिंतीकडे गेलं.

"आप्पा, डोळा लाल आलाय की. तुमच्या फोटोग्राफरला नीट करता येत नाही वाटतं."

"येतं ना," आप्पा म्हणाले. "फार छान येतं. म्हणूनच करू नका म्हणून सांगितलं."