फोटोतली विलाय

बुनलोमचं काम दोर फेकण्याचं. नाम सोंग नदीच्या काठी, बांबूच्या मचाणावर तो उभा राहायचा. वरच्या अंगाने ट्रकच्या ट्यूबवर बसून परदेशी पोरंपोरी वाहत येताना दिसली की टोकाला रिकामी बाटली बांधलेला दोर नेमका त्यांच्या पुढ्यात टाकायचा. त्यांनी बाटली धरली की ओढून काठाला लावायचं. पुढचं बारवाले बघत. वीस वर्षं हेच चाललं होतं आणि हात अजून बसलेला होता.

पूर्वी या काठाला बारला बार लागून होते. पुढे नदीत माणसं फार मरू लागली, तेव्हा वरून हुकूम आला आणि बहुतेक मचाणं पाडली. त्याच्या दुसऱ्या वर्षी बुनलोमची बायको विलाय मेकाँगपलीकडे, थायलंडात उदोनला, एका खानावळीत कामाला गेली. सहा महिन्यांसाठी म्हणून गेली. दोनेक वर्षं तिचे फोन आले, मग नंबर लागेनासा झाला. विलायची म्हातारी आई त्यांच्याच घरात राहायची, ती तिथेच राहिली. दोघं समोरासमोर बसून चिकट भात खात. विलायचं नाव सहसा निघत नसे.

त्या दुपारी एक बाई एकटीच ट्यूबवर आली. चाळिशी उलटलेली, डोक्याला टोपी. तिने दोर धरला, मचाणावर चढली आणि बारकडे न जाता बुनलोमच्या तोंडाकडे बघत राहिली. तिचं बोलणं त्याला कळेना, म्हणून बारमधली केतमनी आली. बाई म्हणत होती, पंधरा वर्षांपूर्वी याच माणसाने मला ओढून घेतलं होतं.

"सांग तिला, ओळखलं म्हणून," बुनलोम म्हणाला.

"काका, काहीही सांगता. मला कालची गिऱ्हाइकं आठवत नाहीत."

"सांग गं. एवढ्या लांबून आलीय ती."

केतमनीने सांगितलं. बाईचे डोळे भरून आले. तिने फोन काढून एक जुना फोटो दाखवला. अंगावर रंग फासलेल्या तीन मुली, एकमेकींच्या गळ्यात हात टाकलेल्या. त्यातली लाल फडकं बांधलेली मैत्रीण गेल्या वर्षी वारली, तिच्यासाठीच आले, असं ती सांगत होती. बुनलोम मान हलवत होता, पण त्याचं लक्ष त्या मुलींकडे नव्हतं. त्यांच्या मागे, कोंबडी भाजायच्या शेगडीजवळ, हातात पंखा घेतलेली विलाय होती. तोंड भरून हसत होती.

त्याच्याजवळ विलायचा एकच फोटो होता, लग्नातला. त्यात ती ओठ मिटून, जड दागिन्यांखाली बसलेली होती.

"हा फोटो मला पाहिजे," तो केतमनीला म्हणाला.

"कोण आहे ती?"

"माझी बायको."

केतमनी अलीकडेच कामाला लागली होती, पण गावातलं ऐकून होती. तिने थट्टा केली नाही. बाईने तिथल्या तिथे फोटो त्याच्या फोनवर पाठवला आणि विचारलं, आता कुठे असते ती? केतमनीने प्रश्न त्याच्यापर्यंत आणला, तेव्हा बुनलोम वाकून दोराची गुंडाळी करत होता. घातलेली गुंडाळी सोडून त्याने पहिल्यापासून घालायला घेतली.

बाई थोडा वेळ बारमध्ये बसली. विशीतली पोरं गाण्यावर उड्या मारत होती, नदीत सूर मारत होती. तिच्याशी कुणी बोललं नाही. अर्धा पेला तसाच ठेवून ती उठली. बुनलोमने ट्यूब धरून ठेवली, ती बसली, आणि प्रवाहाने तिला वळणापलीकडे नेलं.

संध्याकाळी घरी पायरीवर बसून त्याने फोटो मोठा करून पाहिला. विलाय कॅमेऱ्याकडे बघत नव्हती. मचाणाच्या टोकाकडे, जिथे तो उभा असायचा, तिकडेही नाही. डावीकडे, रस्त्याकडे बघत होती. तिकडे काय होतं? मोटरसायकली लागायच्या. बर्फवाला यायचा. आणखी कोण कोण यायचं. त्याने चेहरा इतका मोठा केला की नुसते ठिपके उरले.

"काय बघतोस रे मघापासून?" म्हातारीने आतून विचारलं.

त्याने फोन तिच्या हातात दिला. तिने तो लांब धरला, मग डोळ्यांशी नेला.

"कुणाकडे बघून हसतेय ही?"

"माझ्याकडे," बुनलोम म्हणाला. "मी तिथेच उभा होतो, आई."

"मग बरं," म्हातारी म्हणाली.

फोन राहू दे माझ्यापाशी, असंही ती म्हणाली. पण तो अर्ध्या मिनिटात काळा व्हायचा आणि तिला काही तो उजळता येईना. भात वाफेवर होता तेवढ्यात तिने त्याला चार वेळा हाक मारली. चारही वेळा तो उठून आत गेला, बोट टेकवलं, आणि विलाय पुन्हा रस्त्याकडे बघून हसू लागली.