साहेबांच्या खांद्यामागची अक्काबाई

साहेब, अक्काबाईचं तोंड तुम्ही पुसलंत. तुमचं नाव घेत नाही. भोंगवलीच्या त्या फोटोत तुम्ही एकटेच स्पष्ट आहात, तेव्हा स्वतःला ओळखाल.

मित्रांनो, मी एक जुना घडीचा कॅमेरा आहे. माझ्या भात्याला भोकं पडलीत, भिंगावर बुरशी चढलीय. भोरच्या बाजारपेठेत सावळारामच्या स्टुडिओतल्या फळीवर मी पडून असतो. आता बोलायचाही कंटाळा येतो. पण एवढं सांगितल्याशिवाय माझा डोळा मिटायचा नाही.

सावळारामनं मला पुण्याच्या जुन्या बाजारातून आणलं. माझा डोळा वापरायला तो आपला आपणच शिकला. डोळा बारीक ठेवला की जवळचं-लांबचं सगळं स्वच्छ येतं. मोठा उघडला की ज्याच्यावर नेम धरला तो लखलखीत, आणि मागचं सारं धुक्यात. सावळाराम म्हणायचा, "धुक्यात कुणाला ढकलायचं, ते आधी ठरवावं लागतं." लग्नसराईत मला उसंत नसे. लोक कौतुक करत. भांडण व्हायचं ते फक्त पायांवरून. पाय कापलेला फोटो आमच्या भागात अशुभ मानतात. म्हणून सावळाराम मागं मागं सरायचा, आणि नवरा-नवरी पार बाहुलीएवढी दिसायची!

मग बहात्तरचा दुष्काळ पडला. भोंगवलीजवळच्या बौद्धवस्तीला स्वतःची विहीर नव्हती. अक्काबाईनं वस्तीतल्या बायांना गोळा केलं आणि उन्हाळाभर खणलं. पाणी लागलं तसे तालुक्याचे साहेब नारळ फोडायला आले. सावळारामला फोटोसाठी बोलावलं होतं. हारतुऱ्यांतच रोल संपत आला. एक फोटो उरला.

तो सावळारामनं अक्काबाईसाठी राखला होता. डोक्यावर घागर, चिखलानं भरलेले हात. तो तिच्या जवळ गेला, माझा डोळा मोठा उघडला. मागची गर्दी विरघळली. उरली ती एकटी अक्काबाई. असं चित्र मी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

"आन् पाय?" तिनं विचारलं.

"अक्का, पाय नकोत. तोंड मोठं येऊ दे."

"वा रं वा! पायाबिगर फोटो मेल्या मानसाचा. खणताना पाय झिजलं माजं, त्ये दिसू देत की!"

बाया खदखदून हसल्या. सावळारामही हसत मागं सरला. तेवढ्यात मधल्या मोकळ्या जागेत साहेब येऊन उभे राहिले.

"माझा घे. जवळून."

"साहेब, शेवटचाच हाय. अक्कांनी विहीर..."

"मागची गर्दी दिसता कामा नये. समजलं?"

सावळारामनं एकदा अक्काबाईकडं पाहिलं. पण माझा नेम साहेबांवर वळला आणि खटका पडला. अक्काबाई जागची हलली नव्हती. साहेबांच्या डाव्या खांद्यामागं तिचा एक करडा डाग उमटला.

"पुढल्या खेपंला काढतो, अक्का. पायांसकट," सावळाराम म्हणाला.

"काढ की. म्या कुटं पळून चालले?"

पावसाळ्यात तापानं ती गेली.

तिची लेक रतनबाई उत्रोलीहून एसटीनं आली. "दादा, आईचा फोटो हाय म्हनं तुमच्याकडं. भिंतीला लावायचाय. दुसरा न्हाईच."

सावळारामनं फोटो मोठा केला. मित्रांनो, पुसट मोठं केलं की मोठं पुसट होतं. नाक नाही, डोळे नाहीत. रतनबाईनं त्या डागावर बोट ठेवलं. "घागर तिचीच. अशीच कलती धरायची." मग म्हणाली, "ह्या बाप्याला कापा, दादा. आई तेवडी ठेवा."

सावळारामनं कात्री उचलली, टेकवली, पुन्हा खाली ठेवली. साहेबांचा खांदा तिच्या छातीवरच होता. तो कापला तर तीही कापली जात होती. रतनबाई आख्खा फोटो घेऊन गेली. सावळारामनं मला फळीवर ठेवलं, ते आजतागायत.

मित्रांनो, घरातला कॅमेरा जपा, भिंग मऊ फडक्यानं पुसा. आणि त्याचा डोळा उघडण्याआधी नीट बघा, ज्याचं काम त्याच्यावरच नेम आहे ना.

आणि साहेब, उत्रोलीच्या त्या भिंतीवर आता तुम्ही आहात. हार तुमच्याच तोंडावर येत असणार. जाताना रतनबाई दारात थांबून म्हणाली होती, "ल्योक इचारंल, ह्यो मानूस आपला कोन लागतो. काय सांगू?"

तेच मी तुम्हाला विचारतो. तुम्ही तिचे कोण लागता? उत्तर द्या.