पूर्ण शुद्धीवर

“आणि हे काय? जीसीएस पंधरा?” मिस व्हर्नाची लाल पेन्सिल पुन्हा अडली.

“अर्ज वाचणाऱ्या डॉक्टरांना कळतं ते, मिस व्हर्ना.”

“डॉक्टरांना रोजच दिसतं ते. त्यांना तू बघायचीयस.”

केंड्राने निबंधातल्या त्या ओळीवरून बोट फिरवलं. केंटकीच्या या डोंगरात रुग्णवाहिकेवर तिची आठ वर्षं गेली होती. डॉक्टर व्हायचं म्हणून गेल्या वर्षी तिने मेडिकल कॉलेजांना अर्ज केला, तो सगळीकडून परत आला. यंदाचा शेवटचा, असं तिने घरी सांगून टाकलं होतं. आमच्या गावात कुठल्याही अर्जाचा निबंध मिस व्हर्नाच्या स्वयंपाकघरातून गेल्याशिवाय पुढे जात नाही. बाई, लग्न होऊनही गावाच्या ‘मिस’च, शाळेतून निवृत्त झाल्या, पेन्सिल काही झाली नाही. त्यांना टाळावं तर गावभर बोभाटा. म्हणून केंड्राने जे लपवायचं ते संक्षेपांत गुंडाळून आणलं होतं. अक्षरांची मर्यादा हे निमित्त आयतंच होतं.

“सांग की, अर्थ काय?”

“रुग्ण पूर्ण शुद्धीवर होता. बोलत होता.”

“मग काय बोलला? एकाहत्तर वर्षांचा माणूस, छातीत कळ, एवढा लांबचा घाटरस्ता, आणि त्याच्या तोंडी एक शब्द नाही! औषधं मात्र ओळीने उभी केलीस. विसरलीस ना त्याला?”

“नाही हो विसरले.” केंड्राच्या तोंडून निघून गेलं. “मिस्टर होबर्ट होते ते.”

मिस व्हर्ना उठल्या. शेगडीवर घेवडा शिजत होता, त्याखालची आच त्यांनी उगाचच कमी केली. नवरा, होबर्ट, गेला त्या दिवशी त्या बहिणीकडे लेक्सिंग्टनला होत्या. ‘त्यांना शुद्धच नव्हती, काही कळलं नाही त्यांना,’ असं केंड्रानेच इस्पितळाच्या दारात सांगितलं होतं. त्या एका वाक्यावर बाईंनी दोन वर्षं काढली होती.

“खोटं बोललीस माझ्याशी.”

“तुम्ही इतक्या थरथरत होता, मिस व्हर्ना. दुसरं काही सुचलंच नाही.”

“काय म्हणाला तो?”

“आधी ड्रायव्हरला शिव्या. मग माझा हात घट्ट धरला. म्हणाले, व्हर्नाला सांग, मी घाबरलो नाही. खरं नाहीये ते, पण सांग.”

मिस व्हर्ना हसल्या, आणि हसता हसता रडल्या. जन्मभर साध्या उंदराला भिणारा त्यांचा नवरा होता तो. डोळे पुसून त्या पुन्हा बसल्या. ‘जीसीएस’वर त्यांनी काट मारली आणि वर लिहिलं, ‘तो घाबरला होता.’

“एवढं सगळं मावायचं नाही,” केंड्रा म्हणाली.

“बक्षिसांचा परिच्छेद काढ. कोण विचारतंय त्यांना?”

“आणि रुग्णाचं नाव घालता येत नाही. नियम आहे.”

“कागदावर नको घालू. इथे घाल. वाच पहिल्यापासून, मोठ्याने.”

केंड्राने घसा साफ करून वाचायला घेतलं. होबर्टचं नाव आलं तेव्हा मिस व्हर्नांनी पेन्सिल खाली ठेवली आणि हात मांडीवर घेतले.