गेलेले अकरा किलो

पोळी पुन्हा सुरू केली त्याच्या चौथ्या दिवशी माझे गेलेले अकरा किलो परत आले. सकाळी साडेनऊला बेल वाजली. दार उघडलं, तर गुडघ्याएवढा एक गृहस्थ पायपुसण्याशी चपला काढत होता. चेहरा माझाच होता, पण भरलेला.

"घर हेच ना?" त्याने विचारलं.

मी हो म्हणालो. नाही म्हणायला हवं होतं. पण दारात आलेल्या माणसाला नाही म्हणणं मला कधीच जमलेलं नाही.

सात महिने मी पोळी, भात, बटाटा, साखर सोडली होती. अंडी, पनीर, पालेभाज्या यांवर राहिलो आणि अकरा किलो गेले. अभिमान वाटावा असा माझा स्वभाव नाही. आनंद एवढाच, की बारा वर्षांनी मला फरशीवर मांडी घालून बसता आलं आणि पुस्तकांच्या कपाटातल्या सर्वांत खालच्या कप्प्यापर्यंत हात पोचला. वाकता येत नाही म्हणून तिथली पुस्तकं मी सोडून दिली होती. आता रोज दुपारी कपाटापाशी बसून त्यातलं पहिलं वाचत होतो. सत्तेचाळिसाव्या पानावर खूण होती.

पाडव्याला मालिनी, माझी बायको, म्हणाली, "अहो, सणाचं तरी पोटभर खा. किती दिवस गवत खाणार?" मी पोळी घेतली, पण मोजून. लाटी काट्यावर तोलायची, वही काढायची, दिवसाला चौदाशे कॅलरी. बेरीज दोनदा करायचो. पहिल्या बेरजेवर माझा विश्वास नसतो.

मालिनी पिठाच्या हातांनी बाहेर आली. तिने त्या गृहस्थाकडे पाहिलं.

"आलात? किती वाळलात हो! बसा, पोळी टाकते."

त्याला पाट मांडला. तो जेवायला बसला तसा मी काटा घेऊन आलो.

"हे काय करताय?"

"त्याची पोळी तोलतो."

"जेवणाऱ्याच्या पोळ्या मोजतात का कुणी? शोभतं का या वयात?"

ते खरंच होतं. मोजलेलं अंगी लागत नाही, असं माझी आईही म्हणायची. त्याने सहा-सात खाल्ल्या असाव्यात. माझी एकच, तेहतीस ग्रॅमची. दुसऱ्या सकाळी मी वजनाला उभा राहिलो. एक किलो वाढला होता. तो तेव्हा आत तूप मागत होता.

पुढे रोज तसंच झालं. वहीत चौदाशे, काट्यावर एक किलो जास्त. मी बेरीज तीनदा करू लागलो. मधला बोळ अरुंद झाला, त्यातून मला तिरकं होऊन जावं लागे. मालिनीने स्वयंपाकघरातून "अहो" म्हटलं की आम्ही दोघंही "ओ" द्यायचो. ती त्याच्या "ओ"ला पुढचं सांगायची.

तो घरी आल्याच्या आठव्या दिवशी मी पुस्तकांच्या कपाटापाशी वाचत बसलो असताना तो जवळ आला.

"मांडीवर बसू का? फरशी गार लागते."

मी पुस्तक बाजूला ठेवलं. तो बसल्यावर पुस्तक दिसेना.

दहाव्या दिवशी मालिनीने कपड्यांच्या कपाटातून माझ्या जुन्या पँटी काढल्या. सगळ्या धुतलेल्या, इस्त्री केलेल्या.

"या तर तू बोहारणीला दिल्यास," मी म्हणालो. "त्यांच्यावर स्टीलचा डबा घेतलास. मला दाखवलास."

"डबा विकत आणला होता."

"का?"

"तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून. मुलासारखे नाचत होतात."

"म्हणजे तुला माहीत होतं, हा येणार?"

"सगळ्यांचेच येतात हो," ती म्हणाली आणि पँटीची घडी त्याच्या हातात दिली.

मी वही उघडून पाहिली. सगळ्या बेरजा बरोबर होत्या.

अकराव्या दिवशी तिने एकच ताट वाढलं. "अहो," म्हणाली. एकच "ओ" गेला. तो कुणी दिला हे मला सांगता येणार नाही. तोंडात घास होता. जुनी पँट बरोबर बसली. मालिनी जवळ येऊन कॉलर नीट करत म्हणाली, "आता कसे आपले वाटता."

मी तिरका होत बोळातून कपाटापाशी गेलो आणि वाकायला लागलो. कमरेतूनसुद्धा वाकता येईना. पोटापलीकडची फरशी दिसत नव्हती. कपाटाला धरून उभा राहिलो.

खाली, अगदी पायांशी, कुणीतरी पान उलटलं. सत्तेचाळिसावं असणार. मी थांबलो. थोड्या वेळाने पुढचं उलटलं.