आक्रोडाजवळचा पंप

एर्गशने पंपाच्या तोंडावर अंगठा दाबून धरला, दुसऱ्या हाताने दांडा दोनदा आत ढकलला आणि मान हलवली.

"हा नको. यात दम नाही."

"बाबा, हा सातवा," नोदिरा म्हणाली.

सायकलींचा कारागीर नोर्मत उस्ताने दुरुस्तीच्या टपरीपुढे मेणकापड अंथरून त्यावर छोटे पंप मांडले होते, सायकलला बांधून नेता येतील असे. पहिला लांब, म्हणजे गुडघ्याला लागणार. दुसरा आखूड, त्याने चाक भरेस्तोवर संध्याकाळ व्हायची. तिसरा प्लॅस्टिकचा. चौथा इतका चकचकीत की बाजाराबाहेर पडायच्या आत चोरीला जाईल. पाचव्याचा रंग पसंत पडला नाही. सहाव्याला नाव ठेवायला काहीच सापडेना, तेव्हा त्याने नुसतंच नाक मुरडलं.

नोदिराला नवल वाटलं. तिचा बाप गाढवसुद्धा दात न बघता विकत घेणारा माणूस. रोटीवर नक्षी उठवायचे शिक्के करायचा आणि दर गुरुवारी सायकलवरून बाजारात आणून विकायचा. गेलं वर्षभर परतताना दर गुरुवारी त्याचं चाक बसत होतं आणि तो दोन-दोन तास उशिरा, कधी अंधार पडल्यावर घरी पोचत होता. सत्तरी उलटलेला माणूस. शेवटी आईने लेकीच्या सासरी कोकंदला फोन करून तिला बजावलं होतं, पंप सायकलवर बांधल्याशिवाय त्यांना बाजारातून सोडू नकोस.

"पंप राहू दे बाजूला," नोर्मत उस्ता हात पुसत म्हणाला. "रोग काय ते आधी बघू. आणा ती सायकल."

"कशाला उगाच," एर्गश म्हणाला. "तुझी कामं पडलीत."

पण उस्ताने सायकल उलटी केलीसुद्धा. मागचा टायर सोडवला, ट्यूब बाहेर ओढली, हवा भरली आणि पाण्याच्या तसराळ्यात बोट बोट पुढे सरकवत बुडवली. एकही बुडबुडा आला नाही. त्याने ट्यूब पुसली आणि उजेडात धरली.

"दर गुरुवारी पंक्चर म्हणालात ना, आपा?" त्याने नोदिराला विचारलं.

"दर गुरुवारी."

"मग ठिगळं कुठायत? या ट्यूबला जन्मात पंक्चर झालेलं नाही." त्याने व्हॉल्व्हवर नख फिरवलं. "हे मात्र बघा. चिमटीत धरून धरून पार गुळगुळीत झालंय."

एर्गश समोरच्या टरबुजांच्या ढिगाकडे बघायला लागला. टरबुजं चांगली होती, पण इतका वेळ बघण्यासारखी नव्हती.

"बाबा, चाक बसतं कुठे?"

"कुठेही बसतं. रस्ता खराब आहे."

"आई म्हणते, कालव्याचा पूल ओलांडला की."

"असेल."

पूल ओलांडला की रस्त्याला लागून एक जुना आक्रोड होता, आणि आक्रोडाला लागून एकच फाटक. ते फाटक कुणाचं, हे नोदिराला सांगावं लागत नव्हतं. हमदमकाकाने तिला त्या झाडावर चढायला शिकवलं होतं. काका म्हणजे एर्गशचा थोरला भाऊ. चाळीस वर्षं आसपासच्या गावांत लग्नांचा पलाव शिजवणारा माणूस. पण सख्ख्या पुतणीच्या लग्नात कढई त्याला मिळाली नव्हती. सासरची माणसं शहरातली, म्हणून एर्गशने कोकंदहून नावाजलेला आचारी आणला होता. लग्नाचा पलाव वाढतात त्या पहाटेच्या पंगतीत काका पाहुण्यासारखा बसला, एक घास घेतला, हात पुसला आणि उठून गेला. त्यानंतर चार ईदा गेल्या. दोघे भाऊ एकमेकांशी अक्षर बोलले नव्हते. आपल्या लग्नापायी हे झालं, ही टोचणी नोदिराच्या मनातून कधी गेली नव्हती.

ती बापाशेजारी बाकावर बसली.

"पंप काका देतो?"

"वाटेत अडलेल्याला दारातून परत पाठवत नाहीत," एर्गश टरबुजांकडे बघतच म्हणाला. "मग तो कुणीही असो."

"बोलतो?"

"माझ्याशी नाही. चाकाशी बोलतो. म्हणतो, काय रे बाबा, पुन्हा बसलास?"

"आणि तुम्ही?"

"मी चाक धरतो. तो हवा भरतो. मग चहा येतो. हवा घेतल्यावर चहाला नाही कसं म्हणायचं? मागच्या गुरुवारी वाडगाभर पलाव आणून ठेवला पुढ्यात."

"कसा होता?"

एर्गशने टोपी काढली, झटकली आणि पुन्हा घातली.

"तसा तोच करू जाणे," तो म्हणाला.

"हे सांगितलंत त्याला?"

"चाकाला सांगितलं."

नोदिराला हसू आलं आणि रडूही. आईचा निरोप, मेणकापडावरचे सात पंप, सगळं एकदम तिच्या अंगावर आलं. यातला एक जरी सायकलवर चढला असता, तर पुढच्या गुरुवारी बापाला त्या फाटकाशी उतरायला निमित्तच उरलं नसतं. आणि निमित्ताशिवाय फाटकाशी उतरणारा तिचा बाप नव्हता.

तिने सातही पंप गोळा करून उस्ताच्या पेटीत ठेवले.

"एकही पटला नाही," ती म्हणाली.

"तुम्हालाही?" उस्ताने कपाळाला हात लावला. "सगळं घराणंच चोखंदळ दिसतंय." टायर चढवून त्याने कोपऱ्यातला जुना, दोन पायांत धरून मारायचा पंप उचलला आणि दोन झपाट्यांत चाक टणटणीत केलं. "हा असला पाहिजे तुम्हाला. पण हा विकायचा नाही. आक्रोडाजवळच्या हमदम आचाऱ्याचा आहे. चामड्याचा वॉशर बदलायला टाकला होता, गुरुवारी दुपारच्या आत हवाच म्हणून बजावून गेला. आज गुरुवार, अजून पत्ता नाही. गुडघ्याने धरलं असेल पुन्हा."

एर्गशची मान वळली.

"अजब माणूस," उस्ता पुढे म्हणाला. या दोघांचं त्याच्याशी काय नातं, ते त्याला ठाऊक नव्हतं. "गेल्या वर्षी माझ्याकडूनच घेतला हा पंप. मी विचारलं, सायकल कधी घेतलीस? तर म्हणतो, मला कशाला हवी सायकल?"

एर्गशने हात पुढे करून तो पंप मांडीवर घेतला, दांड्याची लाकडी मूठ चाचपली.

"मला वाटायचं, शेजाऱ्याचा मागून आणतो," तो हळूच म्हणाला.

"तुमची वाट तीच ना?" उस्ताने विचारलं. "देता का नेऊन?"

एर्गशने भरलेल्या चाकाकडे पाहिलं, मग पंपाकडे, मग लेकीकडे. भर दुपारी, हवा भरलेल्या सायकलवरून, न अडता थोरल्याच्या फाटकाशी उतरायचं. शिक्के विकताना गिऱ्हाइकाला कधी हार न जाणारा माणूस पार गांगरून गेला होता.

"देतील," नोदिरा म्हणाली.

तिने पंप कॅरियरवर आडवा ठेवला आणि दोरीने घट्ट बांधला.

"तुझ्या आईला काय सांगायचं?" एर्गशने विचारलं.

"सांगा, पंप बांधून दिला लेकीने. खोटं कुठे आहे?"

मग ती मागच्या चाकाशी उकिडवी बसली, व्हॉल्व्हची गुळगुळीत नळी चिमटीत धरली आणि किंचित ढिली केली. हवा बारीक सूं करत सुटली. उस्ता हातातला पाना तसाच धरून बघत राहिला.

"पुलापर्यंत पुरेल?" तिने वर न बघता विचारलं.

एर्गशने वाकून अंगठ्याने टायर दाबून पाहिला.

"थोडी जास्त आहे," तो म्हणाला. "आणखी सोड."